नोंदीची परतवाट

२०२३ च्या हिवाळ्यात राज्यभरच्या तहसील कचेऱ्यांत जुन्या दप्तरांचे रुमाल सुटले. मराठा आरक्षणाच्या मागणीमुळे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मान आला होता. कोतवाल बुके, गाव नमुना चौदा, शाळांची दाखल-खारिज रजिस्टरे टेबलांवर उलगडून पडली होती. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी मी एका स्नेह्याच्या कुटुंबाबरोबर गेलो होतो. त्यांना पणजोबांच्या नावापुढचा एक शब्द हवा होता. तो मिळाला आणि सगळे समाधानाने बाहेर चहाला गेले. मी त्या पानापाशीच थांबलो. जातीच्या रकान्यापलीकडे आणखी एक रकाना होता, मरणाच्या कारणाचा. ताप. ताप. पटकी. ताप. देवी. बाळंतपण. पुन्हा ताप. पान उलटले तर त्याच महिन्यात त्याच गावात पटकीची ओळीने नावे, आणि त्यांत एकाच घरातली तिघे.

कोणीतरी हे सांगितले होते. मूल पुरून आलेल्या बापाने कोतवालाला कारण सांगितले असेल, कोतवालाने ते लिहून घेतले असेल, तालुक्याला बेरीज गेली असेल, तिथून वर आणखी मोठी बेरीज. त्या बेरजेचे पुढे काय झाले हे त्या बापाला कोणी येऊन सांगितले नसणार. शंभर वर्षांनी ते पान उघडले ते जात पाहायला. ज्या कामासाठी ते लिहिले गेले होते त्या कामासाठी ते गावात कधी उघडले गेले असेल, असे मला वाटत नाही.

आरोग्याची माहिती, तिच्यावरचे सामूहिक संशोधन आणि तिच्या बळावर उभी राहू पाहणारी डिजिटल आरोग्यसेवा हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याची प्रस्तावना कोतवाल बुकापासून सुरू करण्याचे कारण हेच, की आपल्याकडे नोंदी नव्हत्या असे कधीच नव्हते. नोंद गावातून निघत होती, तिला परतीची वाट नव्हती. वाट सापडली ती काही मोजक्या ठिकाणी. तिथे कोणी कोणाचा हात धरला, काय मोजले आणि मोजलेले परत कसे नेले, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या ॲप, पोर्टल आणि चौदा आकडी क्रमांकांबद्दल बोलणे मला अपुरे वाटते.

मुंबईपासून सुरुवात करू. १९६३ मध्ये इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत कर्करोगाची नोंदवही सुरू केली. एका ठरावीक लोकवस्तीतल्या सगळ्या कर्करुग्णांची नोंद ठेवणारी ही देशातली पहिली वही. कल्पना सोपी वाटते, काम अतिशय किचकट होते. नोंदवहीची माणसे रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि महापालिकेच्या मृत्युनोंदींच्या कपाटांपुढे बसून नावे उतरवत. एकच बाई एका रुग्णालयात नवऱ्याच्या नावाने, दुसऱ्यात वडिलांच्या, तिसऱ्यात नुसती 'शांताबाई'. ती एकदाच मोजली जायला हवी. शिवाय ती मुंबईचीच हवी. कोकणातून, घाटावरून उपचाराला आलेला माणूस भावाच्या चाळीतल्या खोलीचा पत्ता देतो, आणि तो पत्ता खरा धरला तर मुंबईत कर्करोग फुगलेला दिसतो. म्हणून किमान वर्षभर शहरात राहिलेल्यांनाच मोजायचे असा नियम. पत्ता विचारण्याच्या या साध्या शिस्तीवर सगळी आकडेवारी उभी होती. पुढे सत्तरच्या दशकात पुणे आणि औरंगाबाद, १९८० मध्ये नागपूर अशा नोंदवह्या जोडल्या गेल्या, आणि १९८२ पासून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बंगळूर, मद्रास यांच्या जोडीला मुंबईची वही गेली. एका शहराचा आकडा दुसऱ्या शहराशेजारी ठेवता यायला लागला, तेव्हा कुठे प्रश्न विचारता येऊ लागले.

पण या सगळ्या वह्या शहरांच्या होत्या. १९८७ मध्ये बार्शीला जे सुरू झाले त्याबद्दल मला जरा सावकाश लिहायचे आहे, कारण माझ्या मते या पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

टाटा मेमोरियल रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी मिळून बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांसाठी कर्करोगाची नोंदवही सुरू केली. ग्रामीण भागासाठीची देशातली ही पहिली. बार्शीत डॉ. भगवान नेने आणि त्यांचे सहकारी होते. तालुके तीन, पण जिल्हे दोन, सोलापूर आणि तेव्हाचे उस्मानाबाद, आताचे धाराशिव. म्हणजे एक पाय पश्चिम महाराष्ट्राच्या प्रशासनात, दुसरा मराठवाड्याच्या. आजार जिल्ह्याची हद्द पाळत नाही. दवाखान्याला निघालेला माणूसही पाळत नाही, तो एसटी जिकडे जाते तिकडे जातो. बार्शीची वही त्या एसटीच्या वाटेने आखली गेली होती, असे मला नेहमी वाटते.

मुंबईची पद्धत इथे चालण्यासारखी नव्हती. मुंबईत रुग्णालयात बसून वाट पाहिली तरी रुग्ण कधीतरी समोर येतोच. परंड्याच्या वस्तीवरची म्हातारी रुग्णालयात येतच नाही. तिचा आजार घरातच सुरू होतो आणि घरातच संपतो, त्याला नाव मिळत नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव जात. सरपंच, शिक्षक, पोलीस पाटील, दाई अशा जाणत्या माणसांशी ओळख ठेवत. कोणाला बरे न होणारी जखम आहे, कोणाच्या छातीत गाठ आहे, कोणाला पाळी गेल्यावरही अंगावरून जाते, हे विचारत. आणि विचारता विचारता सांगतही, की ही लक्षणे अंगावर काढू नका, बार्शीला या, तपासणी होईल.

या 'सांगण्या'चा परिणाम पुढे आकड्यांत दिसला, आणि तो मला अजूनही विलक्षण वाटतो. वही सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर येऊ लागल्या. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषधही नव्हते. मोजायला आलेला माणूस दारात बसून बोलला होता, एवढेच. १९९५ मध्ये हे शास्त्रीय नियतकालिकात छापून आले. मोजणे आणि उपचार ही दोन वेगळी खाती आहेत असे मानणाऱ्यांनी तो निबंध पुन्हा काढून वाचावा.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली. बार्शीकडे कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी होते, पण बायकांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत वरती होता. मुंबईत ती जागा स्तनाच्या कर्करोगाने घेतली. राज्य एकच, भाषा एकच, आणि तरी दोन वेगळ्या गरजा. मुंबईच्या आकड्यांवरून बार्शीचे धोरण ठरवले असते तर ते चुकलेच असते.

याच पायावर उस्मानाबाद जिल्ह्यातला मोठा अभ्यास उभा राहिला. टाटा मेमोरियल, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लियॉं शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांचा तो एकत्रित प्रयत्न. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा गट नेहमीच्या सेवेवर. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्हीची चाचणी एकदाच करूनही त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्यावर आले होते. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांच्या चर्चेत हा अभ्यास येतो तेव्हा त्यातला आधार धाराशिवच्या शेतमजूर बायकांचा असतो, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही.

ॲसेटिक ॲसिडच्या पाहणीची गोष्ट याहून बोलकी आहे. धाराशिवमध्ये ती एकदाच केली, आणि मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी हीच पाहणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा केली. ती करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एकच पद्धत, दोन प्रदेश, दोन निकाल. यातला एकच निबंध वाचणारा धोरणकर्ता एकतर पद्धत टाकून देईल, नाहीतर डोक्यावर घेईल. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला कळेल की प्रश्न पुन्हा पुन्हा जाण्याचा आहे. प्रादेशिक सहकार्य या शब्दाला माझ्या लेखी इतका साधा अर्थ आहे: आपला निकाल शेजाऱ्याच्या निकालाजवळ ठेवून पाहण्याची तयारी.

इथेच एक बोचणारी गोष्टही लिहिली पाहिजे. ज्या गटांना अभ्यासाच्या काळात तपासणी मिळाली नाही त्यांचे काय, असा प्रश्न या चाचण्यांबद्दल विचारला गेला आणि तो योग्यच होता. तेव्हा जिल्ह्यात अशी तपासणी कोणालाच मिळत नव्हती, हे त्यावरचे उत्तर होते. ते उत्तर वस्तुस्थितीला धरून आहे. पण ज्या बाईने संमतीपत्रावर अंगठा दिला तिला ते किती समजले होते, हा प्रश्न त्याने मिटत नाही. मी स्वतः तरुणपणी एका सर्वेक्षणात अशी संमतीपत्रे भरून घेतली आहेत. 'डॉक्टर म्हणतात तर करा सही,' असे सासूने सुनेला सांगितले की आमचे काम होई. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नव्हते. आज वाटते.

आता पाबळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या पाबळ परिसरातल्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांची मापे, मग गरोदरपणातला आहार, काम, रक्त, आणि मग बाळ. साउदॅम्प्टनचे बाळ सरासरी साडेतीन किलोचे, इथले दोन किलो सातशे ग्रॅमचे. लहान, हडकुळे. पण पाठीवरच्या कातडीची घडी मोजली तेव्हा चरबी मात्र त्या मानाने राखलेली. बारीक दिसणारे आणि आतून स्थूल असे हे मूल पुढे मधुमेहाकडे का झुकते, याचे धागे इथून हाती येऊ लागले. मुले सहा वर्षांची झाली तेव्हा आणखी एक सूत्र निघाले. आईच्या रक्तात बी-बारा कमी आणि फोलेट जास्त असेल तर मुलाच्या शरीरात इन्शुलिनला प्रतिरोध अधिक दिसत होता. शाकाहारी, दूधही मोजूनमापून घेणाऱ्या घरांतल्या या बायका. साउदॅम्प्टनशी तुलना नसती तर इथली लहान बाळे 'आपल्याकडची तशीच' म्हणून सोडून दिली असती.

मला यातले सगळ्यांत मोलाचे वाटते ते पुढचे. मुले अठरा वर्षांची होईपर्यंत दहातली नऊ अभ्यासात टिकून राहिली. मुली लग्न होऊन गेल्या, मुलगे नोकरीला गेले, तरी गावातल्या कार्यकर्त्या बायकांना त्यांचा ठावठिकाणा माहीत होता. कोणत्याही संगणकात अशी चिकाटी भरता येत नाही. आणि २०१२ मध्ये याच मुलामुलींना बी-बारा देण्याची चाचणी सुरू झाली, त्यांच्या पुढच्या पिढीची बाळे सुदृढ व्हावीत म्हणून. आईच्या रक्तातून निघालेली नोंद लेकीच्या गोळीत परत आली.

याच रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने वढूच्या परिसरात २००२ पासून बावीस गावांतल्या प्रत्येक घराचा जन्म, मृत्यू आणि स्थलांतराचा हिशेब ठेवला आहे. डॉ. बानू कोयाजींनी सत्तरच्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे जे काम उभे केले, त्याच्या खांद्यावर हा हिशेब बसला आहे. आफ्रिका आणि आशियातल्या अशाच केंद्रांच्या जाळ्यात वढू आहे. जग जोडले गेले ते आधी गाव जोडलेले होते म्हणून.

गडचिरोलीची गोष्ट मराठी वाचकाला बऱ्यापैकी माहीत आहे, म्हणून थोडक्यात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. ३९ गावांत हे केले, ४७ गावे तुलनेला ठेवली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी आला. आज देशभरातली आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, त्या पायवाटेची सुरुवात इथे आहे. लिहिता न येणाऱ्या दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून 'सर्च'ने वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असे एक छोटे साधन केले होते. मिनिट संपायच्या आत मणी संपले तर न्यूमोनिया. नवीन तंत्र म्हणून मिरवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला मी मनातल्या मनात त्या मण्यांशेजारी ठेवून पाहतो: ज्याच्या हातात ते पडणार आहे त्याला ते निर्णय घ्यायला मदत करते, की त्याच्याकडून फक्त आकडा काढून घेते?

हा प्रश्न माझ्यासाठी पुस्तकी नाही. उमेदीच्या काळात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात असताना मासिक बैठकीत माझ्यासमोर एका नर्सबाईंचा अहवाल 'सुधारला' गेला. जन्मल्यावर रडलेले, दोन तास जगलेले मूल 'मृत जन्म' म्हणून लिहायला तिला सांगण्यात आले. कारण मृत जन्म अर्भकमृत्यूत धरला जात नाही. ती बाई काही बोलली नाही. तिने रबराने खोडले आणि लिहिले. त्या खोडण्यात माझाही वाटा आहे, कारण मी गप्प होतो. अशी किती मुले कागदावरून नाहीशी झाली असतील याचा अंदाज महाराष्ट्राला आला तो २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने. राज्याच्या निरनिराळ्या भागांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांनी एकच पद्धत ठरवून, आपापल्या गावांत आणि शहरातल्या वस्त्यांत जन्म आणि बालमृत्यू मोजले होते. सरकारी कागदांपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक निघाले. गदारोळ झाला, विधिमंडळात चर्चा झाली, पुढे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली गेली. एकट्या गडचिरोलीने हे सांगितले असते तर 'आदिवासी भाग आहे, तिथले वेगळे' म्हणून बाजूला सारता आले असते. इतक्या ठिकाणांहून एकच गोष्ट आल्यावर ते जमले नाही.

इथवरच्या सगळ्या गोष्टी कागद-पेन्सिलीच्या आहेत, किंवा तशा सुरू झालेल्या. आता पडद्याकडे वळू.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. प्रत्येकाला चौदा आकडी 'आभा' क्रमांक, आणि त्याला जोडलेल्या नोंदी. या रचनेतली एक गोष्ट मला मनापासून पटते. सगळ्यांची माहिती एका मोठ्या कोठारात ओतायची नाही, ती जिथे तयार झाली त्या दवाखान्यात राहील, आणि रुग्णाने परवानगी दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला दिसेल. कल्पना चांगली आहे. ती जमिनीवर उतरते तेव्हा काय होते ते एका आयुष्मान आरोग्य मंदिरात बसून पाहावे. साठीतली बाई साखरेच्या गोळ्यांना आलेली. तिचा आभा क्रमांक मुलाच्या मोबाइलला जोडलेला. मुलगा चाकणला कंपनीत. संमतीचा ओटीपी चाकणला जातो, मुलगा मशिनवर असतो, फोन लॉकरमध्ये. बाई बाकावर बसून राहते. शेवटी परिचारिका म्हणते, मावशी, राहू दे, मी रजिस्टरमध्ये लिहिते. संमती कोणाची, आणि फोन कोणाचा? घरात बायकांचा फोन बायकांकडे नसतो, ही तंत्रज्ञानाची अडचण नाही, पण तंत्रज्ञानाला तिच्यापासून सुटकाही नाही.

मे २०२१ मधली कोविड लसीकरणाची धावपळ आठवा. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी पोर्टलवर वेळ घेतल्याशिवाय लस नव्हती. पुण्या-मुंबईची वेगवान बोटे खेड्यातल्या केंद्रांवरच्या वेळा काही सेकंदांत घेत होती, आणि गाड्या करून तिकडे जात होती. गावातली माणसे केंद्राच्या ओट्यावर उभी राहून शहरातून आलेल्यांना लस घेताना पाहत होती. पोर्टलच्या लेखी सगळे समान होते. समान वागणुकीतून अन्याय कसा होतो, हे मला इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसले नाही.

उलट बाजूही सांगतो, कारण मला या साधनांबद्दल आशा आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये मुंबईत सुरू केलेली 'अरमान' ही संस्था गरोदर आणि बाळंत बायकांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या आठवड्याला साजेसा आवाजी संदेश फोनवर पाठवते. बायका काही महिन्यांनी ऐकणे सोडतात. प्रत्येकीला फोन करून विचारायला माणसे पुरत नाहीत. तेव्हा डॉ. मिलिंद तांबे यांच्यासारख्या संगणकशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी एक पद्धत तयार केली, की कोणाला या आठवड्यात फोन केला तर उपयोग होईल हे यंत्राने सुचवायचे. तेवीस हजार बायकांवर ती करून पाहिली, तर ऐकणे सोडण्याचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. इथे यंत्राने निर्णय घेतला तो फक्त कोणाला आधी फोन लावायचा याचा. फोनवर बोलली ती माणसेच. ही सीमा कुठे आखायची याचे भान या कामात दिसते, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटते. असे इतरही प्रयत्न आहेत: २०१२ पासूनच्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात आज तीनशेहून अधिक रुग्णालये आणि संस्था आहेत, आयआयटी मुंबईत डिजिटल आरोग्यासाठी कोइटा केंद्र उभे राहिले आहे. त्यांच्याबद्दल पुढे जाणकारांनी लिहिले आहे, मी पुनरुक्ती करत नाही.

मला शब्दांबद्दल मात्र बोलायचे आहे. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, त्याचा निबंध १९८९ चा. शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ. हे उघड झाले ते बायकांच्या शब्दांत विचारले गेले म्हणून. अंगावरून जाणे, पांढरे जाणे, धुपणी, अंग बाहेर येणे, कंबर धरणे, यांतला एकही शब्द टॅबलेटच्या पडद्यावर उघडणाऱ्या यादीत नसतो. तिथे इंग्रजी रोगनामे असतात, आणि सगळ्यांत खाली 'इतर'. आशाताई दहापैकी सहा बायका 'इतर'मध्ये टाकते. मग वर बसलेला संशोधक म्हणतो, या तालुक्यात स्त्रीरोग कमी दिसतात. मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिल्ली आणि पावरी, भामरागडला माडिया. प्रत्येक बोलीतल्या दुखण्याच्या शब्दांचा एकत्र कोश करणे आणि तो पडद्यामागे बसवणे, हे आपल्या विद्यापीठांनी, दवाखान्यांनी आणि संगणकवाल्यांनी मिळून करण्यासारखे पहिले काम आहे असे माझे मत आहे. त्याला फार पैसा लागत नाही. बसून ऐकावे लागते.

गुप्ततेबद्दल एकच मुद्दा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नाव काढून टाकले की माहिती निनावी झाली असे आपण समजतो. चाळीस उंबऱ्यांच्या पाड्यावर 'वय १९, दुसरे बाळंतपण, सिकलसेल' एवढे लिहिले की नाव लिहायची गरज उरत नाही. लहान गावाची अब्रू मोठ्या शहरापेक्षा पातळ कापडाची असते. संशोधकांनी आकडे वाटून घेताना हे लक्षात ठेवावे.

आणि सिकलसेलवरूनच शेवटच्या विषयावर येतो, ज्यासाठी हे पुस्तक व्हावे असे मला फार दिवस वाटत होते. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले, सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे लक्ष्य. नंदुरबारच्या मुलाची तपासणी होते, कार्ड मिळते. दिवाळी झाली की ते मूल आईबापांबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाते. तिथे थंडीत, पाण्याविना, सांधे धरून ते रडायला लागते तेव्हा समोरच्या डॉक्टरला ते कार्ड दिसायला हवे. ते कार्ड घरी पत्र्याच्या पेटीत असते.

बीडकडे पाहा. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली, राज्याने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते. या शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत होत्या. प्रत्येकीचा कुठल्यातरी दवाखान्यात कागद होता. ते कागद कधी एकमेकांशेजारी आले नाहीत म्हणून ही संख्या कोणाला दिसली नाही. बाई अर्धे वर्ष बीडची आणि अर्धे वर्ष सांगली-कोल्हापूरची किंवा सीमेपलीकडच्या कर्नाटकाची. गावच्या आशाच्या वहीत तिच्या नावापुढे 'स्थलांतरित', आणि फडाजवळच्या आशाच्या वहीत ती नाहीच, कारण ती 'आपल्या गावची नाही'. अंगणवाडीच्या लाभार्थ्यांपुरती स्थलांतराचा माग ठेवणारी यंत्रणा महिला व बालविकास विभागाने अलीकडे सुरू केली आहे, ते स्वागतार्ह आहे. गरोदर बाईची सोनोग्राफी, तिचे हिमोग्लोबिन, तिच्या बाळाचे डोस हे मात्र अजून फडावरच्या कोप्यांपर्यंत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांपर्यंत, पोचायचे आहेत. कोयत्यामागे, म्हणजे ऊसतोड जोडप्यामागे, उचल किती, हे मुकादमाच्या डायरीत दोन्ही टोकांना अचूक असते. तीच अचूकता बाईच्या रक्तदाबाला का नसावी?

गेल्या हंगामाच्या शेवटी, गुढीपाडव्यानंतर, आष्टी तालुक्यातल्या एका वाडीवर मी एका बाईकडे तिच्या मुलाचे माता-बाल संरक्षण कार्ड पाहायला मागितले. तिने ते पिशवीत गुंडाळून, कोपीत पावसाच्या थेंबापासून जपून, फडावरून परत आणले होते. वजनाच्या आलेखावर सप्टेंबरपर्यंत ठिपके होते, एकमेकांना रेघेने जोडलेले. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत चौकोन कोरे. 'तिकडं कोणी मागितलंच नाही, सर,' ती म्हणाली. 'मी मात्र रोज उशाशी घेऊन निजत होते.'